डबल बेल

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. शुक्रवारचं रिलीज चक्क वेळेत पार पडलं (हो, कधीकधी पडतं!) आणि मी ऐनवेळी ठरवलं की घरी नांदेडला जाऊन यायचं. ऐनवेळी स्लीपर कुठला मिळायला? चार ठिकाणी फोन केल्यावर एका ट्रॅव्हल्सचा एजंट म्हणाला, "केबिनमध्ये बसता का? गाडी फुल आहे." म्हटलं, बसतो. हडपसरला गाडीतळावर तासभर ताटकळलो. त्या तासात ड्रायव्हरच्या नंबरवर दोनदा फोन केला. तिकिटाच्या मेसेजमध्ये तोच नंबर होता ना! "दादा, कुठं आलाव?" "येऊलालो, येऊलालो, दहा मिनिटं." आपल्याकडची दहा मिनिटं म्हणजे किती, ते मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

शेवटी गाडी आली. मी बोनेटशेजारच्या सीटवर बसलो. क्लीनर मागे कुठेतरी जाऊन झोपला. समोर काच, काचेपलीकडे सोलापूर रोड आणि शेजारी ड्रायव्हर. पस्तिशीचा असेल, माझ्याच वयाचा. आणि त्याचा फोन वाजायला लागला.

आता लॉग मोजणं हा आमच्या धंद्यातला रोग आहे. झोप येत नव्हती म्हणून मी मोजायला लागलो. हडपसर सोडल्यापासून बार्शी ओलांडेपर्यंत तेवीस फोन आले. त्यातले नऊ प्रवाशांचे, "कुठं आलाव?" छापाचे. सात वेगवेगळ्या बुकिंग ऑफिसांचे: अमक्या सीटवरचा माणूस चढला का, तमक्याला टेंभुर्णीला घ्या. तीन मालकाचे. दोन पार्सलवाल्यांचे. आणि दोन घरचे. त्यातल्या एकात तो मुलीला "झोप आता, सकाळी येतो" म्हणाला. तेवीसपैकी एकवीस फोन कामाचे होते. मी चढण्याआधी केलेले माझे दोन धरले तर पंचवीसपैकी तेवीस.

येडशी सोडून मुरूडच्या अलीकडे, पहाटे साडेतीन-चारच्या सुमाराला चोविसावा फोन आला. लातूरचं बुकिंग ऑफिस. किती उतरणार, किती पुढे जाणार. त्याने एका हाताने फोन कानाला लावला, दुसरा स्टिअरिंगवर. आकडे आठवत होता. "लातूरला अठरा... थांबा, एकोणीस..." आणि मला समोर अंधारात काहीतरी जास्त काळं दिसलं. उसाचा ट्रॅक्टर. मागे दोन ट्रॉल्या, एकालाही लाल दिवा नाही, रिफ्लेक्टरसुद्धा नाही. मी ओरडलो की नाही ते आठवत नाही. ब्रेक लागला, मी काचेवर आपटलो, मागे चाळीसएक माणसं बर्थमधून सरकली. गाडी थांबली तेव्हा उसाच्या शेंड्यांचा वास केबिनमध्ये येत होता. इतकी जवळ.

कोणाला काही झालं नाही. दोन-तीन मिनिटं कोणी बोललं नाही. मग मी म्हणालो, "दादा, फोन नका ना उचलू." तो रस्त्याकडे बघतच म्हणाला, "नाही उचलला तर मालक म्हणतो, गाडी लाव आन् घरी जा." एवढंच. आणि गाडी चालू केली.

मला त्याचा राग यायला हवा होता. पण डोक्यात फिरत राहिलं की या माणसाला फोन करणाऱ्यांच्या यादीत मी पण आहे.

*

रविवारी परतताना लातूरला मामाकडे थांबलो. मामा एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. मी सगळा किस्सा रंगवून सांगितला. मामांनी शांतपणे चहा बशीत ओतला आणि विचारलं, "कंडक्टर कुठं होता?"

म्हटलं, मामा, ट्रॅव्हल्सला कंडक्टर नसतो.

"मंग बोलणार कोण?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि खरं सांगतो, तीन-चार वर्षं सिस्टिम डिझाइनवर पुस्तकं वाचून जे कळलं नव्हतं ते त्या बशीभर चहात कळलं.

तुम्ही लाल डब्यातून प्रवास केला असेल तर ड्रायव्हरच्या मागे लिहिलेली पाटी आठवत असेल: चालकाशी बोलू नये. आपण ती शाळेतल्या 'शांतता राखा'सारखी वाचून सोडून दिली. आणि छताला लागून पुढून मागेपर्यंत गेलेली ती दोरी आठवते का? कंडक्टर गर्दीत कुठेही अडकलेला असो, हात वर करून दोरी ओढायचा. एक घंटी म्हणजे थांब. दोन घंट्या म्हणजे चल. डबल बेल!

मामांचं म्हणणं असं की ती पाटी आणि ती दोरी या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. बोलू नका असं नुसतं सांगून भागत नाही. गाडीत निरोप द्यावाच लागतो, कोणाला तरी उतरायचं असतं, कोणी तरी धावत येत असतं. म्हणून निरोपाची दुसरी सोय केली. ड्रायव्हरला मान वळवावी लागत नाही, उत्तर द्यावं लागत नाही, विचारही करावा लागत नाही. दोनच निरोप, एकाच दिशेने. आमच्या भाषेत सांगायचं तर इतका नेटका प्रोटोकॉल मी आजवर लिहिलेला नाही. :-)

"अन् गाडी उशिरा आली तर लोक कोणाला विचारायचे?" मी.

"कंट्रोलरला. खिडकीपाशी. मला कोण विचारणार? माझ्याकडं काय फोन होता का?"

*

पुण्याला परत आल्यावर हे सगळं कुठून आलं ते शोधायला बसलो. (बायकोच्या मते वीकएंड फुकट घालवला.)

आपल्या मराठवाड्यात सरकारी बसचा इतिहास एसटीपेक्षा जुना आहे. १ जून १९४८ ला नगर ते पुणे पहिली एसटी धावली हे आपल्याला पाठ असतं, पण तेव्हा नांदेड आणि लातूर मुंबई राज्यात नव्हतेच. ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. हैदराबादमुक्तीला अजून साडेतीन महिने बाकी होते, ती झाली १७ सप्टेंबर १९४८ ला. आणि त्या संस्थानात सरकारी बससेवा १९३२ सालीच सुरू झाली होती, २७ गाड्या आणि १६६ माणसं घेऊन.

यातली मजेची गोष्ट म्हणजे ही सेवा कोणी सुरू केली. निजामाच्या रेल्वेने! निजाम स्टेट रेल्वेचंच एक रोड ट्रान्सपोर्ट खातं होतं ते. म्हणजे ज्या लोकांनी नांदेडवरून जाणारी हैदराबाद–मनमाड लाइन चालवली, त्यांच्याच हाताखाली आपल्या बस आल्या. आता रेल्वेत बघा: इंजिनचा ड्रायव्हर प्रवाशांशी बोलत नाही, तिकीट बघत नाही, गाडी कधी पोचणार ते सांगत बसत नाही. गार्ड शिट्टी आणि झेंडी देतो, स्टेशनमास्तर बाकीचं बघतो. चालवणारा वेगळा आणि बोलणारा वेगळा. बसमधल्या ड्रायव्हर-कंडक्टर-कंट्रोलर या तिघांकडे पाहिलं की मला ही रेल्वेचीच शिस्त रबरी टायरवर आलेली दिसते.

१९५१ मध्ये ते खातं रेल्वेकडून हैदराबाद राज्य सरकारकडे गेलं. १९५६ ला भाषावार रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला. मग १ जुलै १९६१ पासून मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र या तिन्हीकडच्या सरकारी बस एकाच महामंडळाखाली आल्या. तीच आपली आजची एसटी. योगायोग म्हणजे त्याच १९६१ साली मोटार वाहतूक कामगार कायदा आला. त्यात मोठ्या माणसासाठी दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम असं ठरवलं होतं, लांब पल्ल्याला थोडी जास्त सूट.

तर एसटीच्या एका साध्या फेरीमागे किती माणसं बोलण्याचं काम करत होती ते मोजा. तिकीट आणि सुटे पैसे कंडक्टरकडे. कोण कुठे उतरणार, तेही त्याच्याकडे. सीट मिळेल का, हे आरक्षणाच्या खिडकीवर. गाडी का आली नाही, हे कंट्रोलरकडे. ड्युटी बदलली तर डेपोत कळणार, आणि तेही गाडी उभी असताना. या सगळ्यांच्या पोटात शिरून एकच माणूस मोकळा ठेवला होता, स्टिअरिंगवरचा.

मी हे लिहिताना एसटीची आरती ओवाळतोय असं वाटू शकतं. तसं नाही हो. मामा स्वतःच म्हणाले की बोनेटवर बसून गप्पा मारणारे गावकरी तेव्हाही असायचेच, आणि ते स्वतः विडी ओढत गाडी चालवायचे. बंद पडलेली गाडी आणि दोन-दोन तास ताटकळणं कोण विसरेल? माझा मुद्दा एवढाच आहे की ड्रायव्हरचं लक्ष ही जपायची वस्तू आहे आणि ती त्याच्या एकट्याच्या मनोबलावर सोडायची नाही, हे कोणीतरी ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी ओळखलं होतं आणि त्यासाठी पगारी माणसं नेमली होती.

*

मग हे बिघडलं कुठे?

नव्वदच्या दशकात दोन गोष्टी झाल्या. एसटी पुरेना म्हणून काळी-पिवळी जीप आली. अहमदपूर, लोहा, औसा, उदगीर, कुठल्याही फाट्यावर उभे राहा. जीपमध्ये ड्रायव्हर हाच कंडक्टर, तोच वसुली करणारा, आणि गाडी भरल्याशिवाय न हलवणारा कंट्रोलरही तोच. आणि लांबच्या पल्ल्याला ट्रॅव्हल्स आल्या. लातूर-नांदेडची पोरं शिकायला, मग नोकरीला पुण्याला जायला लागली आणि रात्रीच्या गाड्यांची रांग लागली. (त्या पोरांत मी पण.)

दुसरी गोष्ट, ३१ जुलै १९९५. ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना मोबाईल लावला, भारतातला पहिला कॉल. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. त्या दरात ड्रायव्हरला "कुठं आलाव" कोण विचारणार? म्हणजे काही वर्षं रस्त्यावरची सुरक्षा केवळ महागाईने सांभाळली, असं म्हणा ना! २००३ साली इनकमिंग फुकट झालं, त्याच वर्षी पाचशे रुपयांत हँडसेट हातात पडायला लागला, आणि मिस कॉलचा जमाना सुरू झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटाही जवळजवळ फुकट झाला.

फोन स्वस्त झाला तेव्हा खासगी गाड्यांच्या धंद्याने त्याचं काय केलं? कंडक्टर, आरक्षणाची खिडकी, कंट्रोलर आणि डेपो, या चारही माणसांचं काम ड्रायव्हरच्या खिशात घातलं. चार पगार वाचले. तिकीट स्वस्त झालं, ते आपणच आनंदाने काढलं. पुढे पुण्यात ॲपवाल्या टॅक्सी आल्या तेव्हा तर काम मिळण्याची सोयच काचेला चिकटवलेल्या फोनमध्ये गेली. भाडं आलं की काही सेकंदांत बोट लावायचं, नाहीतर दुसऱ्याला जाणार. एमएच-२४ आणि एमएच-२६ च्या नंबरप्लेटा पुण्याच्या सिग्नलला दिसल्या की मी हल्ली काचेतून आत बघतो. स्क्रीन चालू असतेच.

म्हणून "ड्रायव्हर लोकांना मोबाईलचं व्यसन लागलंय" हे वाक्य ऐकलं की मला ते तेवीस फोन आठवतात. व्यसन असेलही, रील्स बघणारेही आहेत, नाही म्हणत नाही. पण माझ्या लॉगमध्ये व्यसनाचा एकही कॉल नव्हता. ते सगळे इंटरप्ट बाहेरून येत होते. आणि चुकीच्या प्रोसेसरला जात होते.

*

"पण हँड्सफ्री लावला तर चालतं ना?" ऑफिसमध्ये हा किस्सा सांगितला तेव्हा पहिला प्रश्न हाच आला. तर मंडळी, नाही चालत. आणि हे आजचं ज्ञान नाही.

१९६९ साली, म्हणजे मोबाईल यायच्या कितीतरी आधी, इंग्लंडमध्ये ब्राउन, टिकनर आणि सिमंड्स या तिघांनी एक प्रयोग छापला. चोवीस ड्रायव्हरांना फटींमधून गाडी काढायची होती. काही फटी गाडीपेक्षा रुंद, काही अरुंद. आणि त्याच वेळी टेलिफोनवर वाक्यं ऐकून ती बरोबर की चूक ते सांगायचं होतं. निष्कर्ष वाचून मी चपापलो. स्टिअरिंग फिरवण्याच्या सवयीच्या कामावर फारसा परिणाम झाला नाही. बिघडला तो अंदाज. जिथून गाडी जाऊच शकत नाही तिथून ती जाईल, असं त्यांना वाटायला लागलं.

माझा ड्रायव्हर गाडी सरळच चालवत होता. लेन सोडली नव्हती. त्याचे डोळेही रस्त्यावरच होते. पण "अठरा की एकोणीस" मोजणाऱ्या डोक्याला समोरचा काळा ठिपका ट्रॅक्टर वाटला नाही.

१९९७ मध्ये कॅनडात रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी अपघात झालेल्या लोकांची फोनची बिलं तपासली. फोनवर बोलताना धडकेचा धोका सुमारे चौपट निघाला, आणि हातात न धरता बोलणाऱ्या फोनने काही फायदा झालेला दिसला नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकने ट्रकमध्ये कॅमेरे बसवून केलेला अभ्यास २००९ मध्ये आला. ट्रक चालवताना मेसेज टाइप करणाऱ्याचा धोका तेवीस पटींहून जास्त. सहा सेकंदांतली साडेचारच्या वर सेकंद नजर रस्त्यावर नसायची. आता आपलं गणित करू. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. साडेचार सेकंदांत शंभर मीटर. मुरूडच्या रस्त्यावर शंभर मीटरमध्ये काय काय येतं, ते मला विचारा.

*

कायदा काय म्हणतो तेही बघितलं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक ड्रायव्हिंगचं. ऑगस्ट २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने राज्यांना कळवलं की गाडी चालवताना मोबाईल वापरणाऱ्याचं लायसन किमान तीन महिने निलंबित करा. २०१९ च्या दुरुस्तीत हातातला फोन या कलमात स्पष्ट नावाने आला. पहिल्या वेळी एक ते पाच हजार दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. महाराष्ट्रात दंडाचे वाढलेले आकडे डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. दरम्यान ऑक्टोबर २०२० पासून केंद्राच्या नियमांत एक सवलत आली: लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने फक्त रस्ता शोधायला फोन वापरता येतो.

एसटीनेही नोव्हेंबर २०२३ मध्ये गाडी चालवताना फोन आणि हेडफोन वापरायला ड्रायव्हरांना मनाई केली. म्हणजे रोग लाल डब्यातही शिरलाच होता. मार्च २०२५ मध्ये दादर-स्वारगेट ई-शिवनेरीचा ड्रायव्हर गाडी चालवता चालवता क्रिकेटची मॅच बघताना एका प्रवाशाच्या व्हिडिओत सापडला. ड्रायव्हर खासगी कंपनीचा होता. त्याची नोकरी गेली आणि कंपनीला पाच हजार रुपये दंड झाला.

इथे मी थांबलो. त्या ड्रायव्हरची बाजू मी घेणार नाही, मॅच बघत बस चालवणं म्हणजे हद्दच. पण दोन शिक्षा शेजारी शेजारी ठेवून बघा. एकाची भाकरी गेली. दुसऱ्याचे पाच हजार गेले, म्हणजे त्याच गाडीच्या थोड्याशा तिकिटांचे पैसे.

अमेरिकेत जानेवारी २०१२ पासून व्यावसायिक ड्रायव्हरांना हातात फोन धरायला बंदी आली, तेव्हा ड्रायव्हरला २,७५० डॉलरपर्यंत दंड ठेवला. आणि ड्रायव्हरला फोन वापरायला लावणाऱ्या किंवा वापरू देणाऱ्या कंपनीला ११,००० डॉलरपर्यंत. चौपट! फोन उचलणारा आणि उचलायला लावणारा यांच्यात जास्त जबाबदार कोण, याचं उत्तर त्या दोन आकड्यांत आहे.

आपल्याकडे तशी तरतूद नाही असं मी लिहिणार होतो, तेवढ्यात कलम १८८ दिसलं. कलम १८४, १८५ किंवा १८६ खालच्या गुन्ह्याला जो चिथावणी किंवा मदत देईल, त्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. मी वकील नाही, पण गाडी रस्त्यावर आहे हे ठाऊक असूनही 'फोन उचलला नाही तर घरी जा' म्हणणारा मालक या वाक्यात बसायला हरकत नसावी. हत्यार कायद्याच्या पुस्तकात पडून आहे.

भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, रोजची सुमारे ४६२. सरकारी तक्त्यात त्यातला मोबाईलचा रकाना अगदी छोटा असतो आणि भरधाव वेगाचा प्रचंड मोठा. वेग पंचनाम्यात धरता येतो. पण माझी बस त्या रात्री ट्रॉलीत घुसली असती तर कागदावर काय आलं असतं? ट्रॅक्टरला दिवे नव्हते आणि बसचा वेग जास्त होता. दोन्ही खरं. 'अठरा की एकोणीस' मात्र कुठल्याच रकान्यात आलं नसतं.

*

मग करायचं काय? माझ्याकडे योजनाबिजना नाही, पण जुन्या सिस्टिमकडे पाहून चार गोष्टी सुचतात.

एक, तिकिटाच्या मेसेजमध्ये ड्रायव्हरचा नंबर देणं बंद व्हावं. क्लीनर झोपायला नसतो, तो आजच्या काळातला कंडक्टर आहे. नंबर त्याचा द्या आणि फोन वाजला तर त्याने जागं राहावं. दोन, प्रवासी "कुठं आलाव" विचारतात कारण त्यांना दुसरीकडून कळायची सोय नाही. गाड्यांना जीपीएस असतं, मालक घरबसल्या नकाशावर गाडी बघतो. तोच नकाशा प्रवाशाला दाखवला की माझ्या लॉगमधले तेवीसपैकी नऊ फोन तिथेच संपले. (आमच्यातला एखादा पोरगा दोन वीकएंडमध्ये हे करून देईल.) तीन, बुकिंग ऑफिसचे आकडे गाडी उभी असताना द्यायचे. टेंभुर्णीला चहासाठी गाडी थांबतेच की. चार, घरचे दोन फोन. ते तोडा असं मी म्हणणार नाही. रात्र-रात्र बाहेर असलेल्या माणसाला पोरीशी बोलायला दहा मिनिटं गाडी उभी करून मिळाली पाहिजेत, आणि टाइमटेबलमध्ये ती धरली पाहिजेत.

उलटी वाहतूकही चालू आहे हे विसरायला नको. एसटीने विनावाहक गाड्या सुरू केल्या, २०१९ मध्ये 'चालक तथा वाहक' अशी भरतीही काढली. तिकिटं स्टँडवरच फाडून नॉनस्टॉप गाडी सोडली तर ठीक. पण वाटेत चढणाऱ्याचा हिशोब आणि स्टिअरिंग एकाच हातात आलं, तर नव्वद वर्षांपूर्वी केलेली वाटणी आपण स्वतःच पुसून टाकू.

माझ्यापुरतं म्हणाल तर एक नियम केलाय. गाडी कितीही उशिरा येवो, ड्रायव्हरला फोन करायचा नाही. ऑफिसला करायचा, एजंटला करायचा, वाटल्यास भांडायचं. आईलाही सांगितलंय. माझा फोन लागला नाही की ती तिकिटावरचा नंबर शोधून ड्रायव्हरला फोन करायची, हे मला याच निमित्ताने कळलं! आधी ती रागावली. "एवढी काळजी वाटते म्हणून केला तर..." मग उसाच्या ट्रॅक्टरचं सांगितलं. तोपर्यंत तिला सांगितलं नव्हतं.

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "निघताना मेसेज टाकत जा. आन् पोचल्यावर टाक. मधी नको."

निघताना एक, पोचल्यावर एक. मामांना फोनवर सांगितलं तर हसले. म्हणाले, "मंग डबल बेलच की!"

असो. सोमवार आहे उद्या.